डावी बाजू आधी

माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी लोकांना काकडी खायला सांगण्याचा पगार घेतला. त्याआधीची बावीस वर्षं बाळंतपणं, सलाईन, विंचू, साप अशा मानाच्या कामांत गेली. त्या कामांत माणूस बरा झाला की घरचे लोक पेढे घेऊन येत. मधुमेहाच्या कामात पेढे आणणाऱ्याला आपणच रागवायचं असतं, त्यामुळे ते कौतुकही बंद झालं.

संपादकांनी माझ्याकडे नोकरीतले थरारक प्रसंग मागितले आहेत. काकडीत थरार किती असणार याचा त्यांनी विचार केलेला दिसत नाही. शिवाय हा दिवाळी अंक तुम्ही वाचत असाल तेव्हा तुमच्या दुसऱ्या हातात बहुधा लाडू असेल. असू द्या. मी आता निवृत्त आहे.

भोरच्या एका संस्थेच्या दवाखान्यात मी परिचारिका होते. आठवड्यातले दोन दिवस भोरात काम, बाकीचे चार दिवस संस्थेची गाडी घेऊन वेल्ह्याकडे. त्या तालुक्याचं नाव आता बदललं आहे, पण आमच्या ड्रायव्हरपासून पेशंटपर्यंत सगळे अजून वेल्हंच म्हणतात. मंगळवारी गाडी पालीला लागायची. तिथे पेशंट कमी आणि राजगड चढून उतरलेली पुण्याची मुलं जास्त, गुडघ्याला मारायचा स्प्रे मागायला आलेली. गुरुवारी पासली. भोरात मला सिस्टर म्हणत, वेल्ह्याकडे बाई. गाडीत मी, ड्रायव्हर आणि डॉक्टर. डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे होते आणि मी बोलायला लागले की ते मोबाईल बघत, कारण मी लवकर थांबत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्र आकडा दाखवतं. इथवर कोणालाही जमेल. आकडा सांगितला की पेशंट विचारतो, "मग आता खाऊ काय?" आणि तिथून माझं काम सुरू व्हायचं. जेवणाच्या सुरुवातीला पोटात काकडी, मुळा, कोबी, मेथी असं काही चोथ्याचं गेलं, तर मागून येणाऱ्या भाताची साखर रक्तात एकदम चढत नाही, सावकाश चढते. शिवाय पोटात थोडी जागा अडलेली असते, त्यामुळे तिसऱ्यांदा भात घेताना हात जरा आखडतो. एवढंच. कोशिंबीर हे औषध नव्हे. गोळ्या चालूच ठेवायच्या असतात. हे वाक्य मी अकरा वर्षं रोज म्हटलं आणि रोज कोणीतरी "म्हंजी गोळ्या बंद करू ना?" असं विचारलं.

आमचा मुलूख भाताचा. दोन भाकरी, पिठलं, भाजी खाऊन झालेल्या माणसाला "जेवलात का?" विचारा. भात झाला नसेल तर तो "अजून न्हाई" म्हणणार. अशा ठिकाणी मला पुण्याहून एक तक्ता पाठवण्यात आला होता. गुळगुळीत कागद, त्यावर ब्रोकोली, लेट्यूस, लाल-पिवळी ढोबळी मिरची, वर ऑलिव्हचं तेल. मी तो गाडीच्या दाराला आतून चिकटवला. पासलीच्या एका बाईने ब्रोकोलीकडे निरखून पाहिलं आणि "ह्यो फ्लावर नासलाय जनू" असं म्हणाली. तक्ता मी त्याच दिवशी काढला आणि घडी करून सीटखाली ठेवला. पुढे गाडीचा जॅक त्यावर ठेवायला तो बरा पडला.

पासलीच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे. तिथल्या एक आजी गाडीवर यायच्या. त्यांना मी कच्चा भाजीपाला खायला सांगितला. आजींनी मला आपादमस्तक पाहिलं.

"बाई, म्या पन्नास वर्सं शेरडं राखली," त्या म्हणाल्या. "त्ये बी कच्चा पालाच खात्यात. शेरडू किती वर्सं जगतं ठावं हाय का तुमाला?"

डॉक्टरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. पुढच्या गुरुवारी मी डोकं लढवून विचारलं, "आजी, मेथीचा घोळाणा करता का घरी? कांदा, मेथी, थोडं दाण्याचं कूट?"

"घोळाना व्हय? त्यो तर खातीच की. त्यो काय पाला हाय?"

मग मी पाला हा शब्द कायमचा सोडून दिला. आजी घोळाणा भाकरीआधी खायला लागल्या आणि मला पाहिलं की अजूनही शेरडांचं वय विचारतात.

भोरातली तऱ्हा वेगळी. तिथे सगळे शिकलेले, कचेरीत नोकऱ्या केलेले, त्यामुळे सांगितलेलं त्यांना आधीच ठाऊक असतं. एक भाऊसाहेब होते, कचेरीतून निवृत्त झालेले. रोज काय खाल्लं ते वहीत लिहीत, वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत. कोशिंबीर दोन्ही वेळा, एक दिवस चुकलेला नाही. तरी त्यांची तीन महिन्यांची साखर चढलेली. ही तीन महिन्यांची तपासणी म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात चोख हत्यार. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून रोजचा आकडा खाली आणता येतो, आणि भोरात तो पुष्कळजण आणतात. तीन महिन्यांच्या आकड्यासमोर मात्र कोणाची मात्रा चालत नाही. रक्त सगळं सांगून टाकतं.

मी भाऊसाहेबांच्या मिसेसना बोलावून घेतलं. "रोज कोशिंबीर कशाची करता?"

"रोज वेगळी करते हो. ह्यांना तेच ते चालत नाही. सोमवारी केळ्याची, मंगळवारी डाळिंबाची, बुधवारी द्राक्षं मिळाली तर द्राक्षांची, गुरुवारी उपास म्हणून बटाट्याची."

"आणि साखर?"

"चवीपुरती."

चवीपुरती म्हणजे किती ते त्यांनी हाताने दाखवलं. तेवढ्या साखरेत मी घरी आठवडाभर चहा करते. भाऊसाहेबांनी वहीत पाहिलं. प्रत्येक दिवसासमोर नीट अक्षरात फक्त 'कोशिंबीर' लिहिलं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही कशाची ते सांगितलंच नव्हतंत." आणि खरंच मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला हसू आलं. ते तेवढ्यावर सोडायला नको होतं, हे नंतर कळलं.

आता दगडूअण्णा.

अण्णा पासलीचे. साठी ओलांडलेले, उंच, आवाज असा की गावच्या कार्यात माईक बंद पडला तरी अडत नसे. शेती भाताची. दोन्ही मुलगे पुण्याकडे कंपनीत, त्यामुळे शेत अण्णा आणि त्यांच्या पत्नी हौसाकाकू असे दोघंच करत. पण गावात अण्णांची ओळख शेतीवरून नव्हती. लग्न असो, बारसं असो, सप्ताहाचं जेवण असो, पासलीची पंगत अण्णांच्या देखरेखीखाली वाढली जायची. भोरला संस्थान होतं तेव्हा त्यांचे आजोबा तिथल्या पंगतींना वाढायला जात असं ते सांगत. त्यामुळे पासलीच्या पंगतीला एक शिस्त होती, ती आसपासच्या कुठल्या गावात नव्हती. पत्रावळीची डावी बाजू पूर्ण झाल्याशिवाय भाताचं पातेलं जागचं हलायचं नाही. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, लोणचं, चटणी, कोशिंबीर, पापड. याच क्रमाने. एखाद्याने मिठाआधी लिंबू वाढलं तर अण्णा त्याला ओळीच्या सुरुवातीला परत पाठवत. आणि सगळ्यांना सगळं वाढून जयघोष झाल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही. पानात टाकायचंही काही नाही.

अण्णांची साखर आमच्या गाडीवरच सापडली. ती बरीच जुनी होती, कारण पायांच्या संवेदना जवळपास गेल्या होत्या. त्याची तपासणी अशी, की पेशंटने डोळे मिटायचे, आपण नायलॉनचा बारीक दोरा तळपायाला टेकवायचा, त्याला कळलं की त्याने सांगायचं. अण्णांनी डोळे मिटले आणि ठरावीक अंतराने "व्हय, व्हय" म्हणत राहिले. डॉक्टरांनी दोरा खिशात ठेवला तरी ते "व्हय" म्हणत होते. मी विचारलं, "अण्णा, असं का?" तर म्हणाले, "पोरगं एवढं वाकून बघतंय. त्याला वाईट वाटंल."

डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. पायाला जखम झाली तर तुम्हाला कळणार नाही. कळली तरी साखर अशीच राहिली तर ती भरणार नाही. बोट जाईल, बोटावर थांबलं नाही तर पाऊल जाईल. अनवाणी फिरायचं नाही, घट्ट काही घालायचं नाही, रोज रात्री पाय बघायचे आणि साखर खाली आणायची.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पाय गेला तर लावनीला चिखलात हुबं कोन ऱ्हानार? ही एकलीच? आन पंगत काय बसून वाडत्यात व्हय?"

त्यांनी गोळ्या सुरू केल्या, मापाचे प्लास्टिकचे बूट आणले, चहातली साखर सोडली. भात मात्र सुटेना आणि कच्चं काही घशाखाली उतरेना. मी तीन महिने सांगत होते. ते आदबीने ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "बाई, कच्चं जनावर खातं. मानूस शिजवून खातं."

मग त्यांच्या पुतण्याचं लग्न आलं. आम्हा गाडीवाल्यांना आमंत्रण होतं. पंगत बसली, डावी बाजू वाढून झाली आणि तेवढ्यात कोणी पुढारी निघालेत, पोचतच आहेत असा निरोप आला. मग सगळे थांबले. दीड-दोनशे माणसं मांडी घालून बसलेली, समोर पानात काकडीची कोशिंबीर आणि भाताचा पत्ता नाही. पाऊण तास झाला. मी सकाळपासून उपाशी होते. मी कोशिंबिरीला हात घातला.

"बाई, हात मागं घ्या," डोक्यावरून आवाज आला. अण्णा उभे होते.

मी चिडले. भुकेली असले की मी चिडते, नसले तरी चिडते. म्हटलं, "अण्णा, तुमच्या पंगतीत सगळं चांगलं आहे, नुसती घाई नाही. हीच वेळ आहे हे खायची. डावी बाजू आधी संपवायची आणि मग भाताला हात लावायचा. पंगतीत नको, तुमची शिस्त तुम्हाला लखलाभ. पण घरी कोण पुढारी येणार आहे? घरी रोज असंच जेवा."

अण्णा विचारात पडले. हातातलं मिठाचं ताट त्यांनी दुसऱ्याकडे दिलं. "डावी बाजू आधी. मंग भात," ते स्वतःशीच म्हणाले. "आता कळलं बगा. इतकं दीस तुमी कायबाय सांगत हुता."

घरी परतताना गाडीत मी फार खूश होते. तीन महिने जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका वाक्यात शिरलं. त्या आठवड्यात मी कार्डं छापून घेतली. पिवळी, पत्रावळीचं चित्र, डावीकडे बाण आणि मोठ्या अक्षरांत: 'डावी बाजू आधी संपवा. मग भात.' डॉक्टरांनाही आवडलं. पासलीत ते घरोघर गेलं आणि लोकांना खरंच पटलं, कारण डावी बाजू कुठली हे तिथे कोणाला शिकवावं लागत नव्हतं. गुरुवारी गाडी लागली की लोक आपणहून सांगत, "डावं संपवून आलो, बाई." आकडे उतरायला लागले. अण्णांचाही उतरला. भोरच्या एका बैठकीत मी यावर दहा मिनिटं भाषण केलं आणि ते वीस मिनिटं चाललं.

बीपी मोजणं हेही माझंच काम होतं. जेठापासून पासलीतल्या तिघाचौघांचं बीपी थोडं चढलेलं दिसत होतं. अण्णांचं दोनदा. दुसऱ्यांदा त्यांच्या घोट्याजवळ बोटाने दाबलं तर खळगा राहिला, म्हणजे पायावर सूज होती. मी विचारलं, "काय अण्णा, शेताची धावपळ का?" ते म्हणाले, "व्हय." मी कागदावर लिहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळी वाढवली आणि पंधरा दिवसांनी परत बघू म्हणाले. जेवणात काय चाललंय हे विचारणं माझं काम. मी विचारलं नाही. कार्ड दिलेलं होतं, साखर उतरत होती. विचारायचं काय राहिलं होतं?

आषाढात त्या रस्त्यावर दरड आली. आमची गाडी तीन गुरुवार पासलीला गेली नाही.

चौथ्या गुरुवारी अण्णा बूट हातात घेऊन आले. डाव्या पायाच्या करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. सुजलेल्या पायाला तेच बूट घट्ट झाले होते, बोटाला घासून फोड आला होता, फोड फुटला होता आणि अण्णांना काही कळलंच नव्हतं. लावणीच्या दिवसांत रात्री पाय बघायचे राहून गेले. वास आला म्हणून हौसाकाकूंनी पाहिलं. डॉक्टरांनी त्यांना आमच्याच गाडीतून खाली नेलं आणि तिथून पुण्याला. बोट काढावं लागलं. पाऊल वाचलं.

पुढच्या गुरुवारी मी एकटीच त्यांच्या घरी गेले. अण्णा अजून पुण्यात होते, काकू कपडे न्यायला घरी आल्या होत्या. चुलीमागच्या भिंतीवर माझं पिवळं कार्ड खिळ्याला लावलेलं होतं. मी विचारलं, "काकू, जेवणात खारट काही चाललं होतं का? पाय इतका सुजला कशाने?"

काकूंनी कार्डाकडे पाहिलं. "आता तुमीच सांगितल्यालं," त्या म्हणाल्या. "ह्यांला मीठ येगळं कदी लागायचं न्हाई. लोनच्याला तर ह्ये शिवत बी नव्हते, घशाशी येतं म्हनायचे. पर कार्ड आलं आन दोन्ही टायमाला डावी बाजू मांडाय लावली. मीठ, लिंबू, लोनचं, चटनी, कोशिंबीर, पापड. समदं संपवायचे. मीठसुदिक. डोळं मिटून खायाचे. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या की मीठ. तर म्हनायचे, बाई उगा सांगायच्या न्हाईत."

मी ओट्यावर बसले. माझ्या कार्डावर कोशिंबीर हा शब्दच नव्हता. 'डावी बाजू' लिहिलं होतं आणि 'संपवा' लिहिलं होतं, आणि पासलीत पानाची डावी बाजू मिठापासून सुरू होते. अण्णांइतकं हे कोणाला पाठ नव्हतं, आणि पानात टाकायचं नाही हाही त्यांचाच नियम. पंगतीला वाढलेलं मीठ कोणी संपवत नाही, हे चाळीस वर्षं वाढणाऱ्या माणसाला माहीत असणारच. तरी त्यांनी ते रोज दोन वेळा संपवलं, कारण मी छापून दिलं होतं. वाक्य कानाला चांगलं लागलं म्हणून मी ते छापलं होतं. भाऊसाहेबांच्या वहीने मला आधी सांगून ठेवलं होतं की कशाची ते सांगावं लागतं, आणि मी त्यावर हसले होते.

मी घरोघर फिरून कार्डं परत गोळा केली. तीन घरांत ती देव्हाऱ्याशेजारी लावलेली होती. लोक विचारत, "काय झालं बाई, नवीन निघालं व्हय?" मी हो म्हणायचे. नव्या कार्डावर काकडी, मुळा, कोबी, गाजर, मेथी अशी नावं लिहिली, मीठ-लोणचं-पापड नाही हे वेगळं लिहिलं. ते वाक्य कानाला काही खास लागत नाही. डॉक्टर म्हणाले, "बाई, बोट मिठाने गेलं नाही. जुन्या साखरेने गेलं, दरडीमुळे उशीर झाला म्हणून गेलं. गोळी मीही वाढवलीच होती ना?" ते खरं असेल. मला त्याचा उपयोग झाला नाही. मी बरेच दिवस नीट जेवले नाही, आणि लोकांना जेवणाविषयी सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटायचा.

अण्णा भादव्यात घरी आले. लावणी भावकीने उरकून दिली होती. पायाची जखम भरत होती, कारण त्यांची साखर तोवर खरोखरच खाली आली होती. गुरुवारी गाडीचं काम संपलं की मी त्यांच्या घरी जाऊन पट्टी बदलत असे. दोन गुरुवार मी नुसती पट्टी बदलून परत आले. तिसऱ्या गुरुवारी ठरवून गेले. काकू आत चुलीपुढे मुळा चिरत बसल्या होत्या. अण्णा ओट्यावर, पाय पोत्यावर.

मी पट्टीचं सामान खाली ठेवलं आणि म्हणाले, "अण्णा, मी कार्डावर चुकीचं लिहिलं होतं. त्या मिठाने तुमचा पाय सुजला आणि बूट लागला. तुमचं बोट माझ्यामुळे गेलं."

अण्णांनी दाराकडे पाहून घेतलं आणि त्यांच्या मानाने फारच हळू आवाजात म्हणाले, "बाई, येक सांगतो, हिला बोलू नगा. म्या काय खुळा हाय व्हय? चाळीस वर्सं पंगत वाडतोय. मीठ पानात वाडायचं असतं, खायाचं नसतं, एवढं मला कळत न्हाई? पर मला लोनच्याची लई आवड. घरात ही खाऊ देती न्हाई. तुमचं कार्ड आलं, म्हनलं बरं घावलं. तुमचं नाव सांगून म्या खाल्लं. चोरी माजी हाय. तुमी मनाला लावून घिऊ नगा."

अकरा वर्षांत पेशंट माझ्याशी किती खोटं बोलले याचा हिशेब नाही. भात एकच मूद घेतला, गोड तोंडात घातलं नाही, लग्नाला गेलो पण जेवलोच नाही. सगळे स्वतःला वाचवायला बोलत, आणि प्रत्येकाला मी समोरच्या समोर पकडत असे. त्याबद्दल माझी ख्याती होती, माझ्या तोंडावर कोणाला खोटं पचवता येत नाही असं लोक म्हणत. अण्णांना लोणचं आवडत नव्हतं. ते काकूंनी मला सांगितलं आहे, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. मी बराच वेळ कापूस निवडत बसले.

"असं होय," मी म्हणाले. "मग यापुढे माझं नाव सांगून काही खायचं नाही."

"न्हाई खात," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पाय पुढे केला.